चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉघ : एका अखंड अभ्यासाची कथा

हॉलंडच्या दक्षिणेस ब्राबंट प्रांतात झुंडर्ट नावाचे एक खेडे आहे. बेल्जियमची सरहद्द तेथून जवळच. एकोणिसाव्या शतकात या खेड्यातील बहुतेक वस्ती रोमन कॅथलिक होती आणि प्रॉटेस्टंट मंडळी अगदी मूठभर. या लहानशा मंडळीचे पाळक रेव्हरंड थिओडोरस व्हॅन गॉघ यांच्या घरी ३० मार्च १८५३ रोजी एक मुलगा जन्मला. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेस, या दांपत्याला मृत मुलगा झाला होता. त्याचेच व्हिन्सेंट हे नाव या मुलाला ठेवण्यात आले.

आज हे नाव जगभर ठाऊक आहे. त्याच्या सूर्यफुलांच्या चित्राची छापील प्रत कोणी पाहिली नसेल असे घर शहरात क्वचितच सापडेल. पण त्याच्याविषयी बोलताना लोक बहुधा दोनच गोष्टी सांगतात : त्याने भ्रमाच्या भरात स्वतःचा कान कापला आणि त्याची चित्रे आता कोट्यवधी रुपयांना विकली जातात. या दोन गोष्टींच्या गलबल्यात तिसरी, आपल्याला अधिक उपयोगी अशी गोष्ट मागे पडते. ती म्हणजे त्याचा अभ्यास. वयाच्या २७ व्या वर्षापर्यंत ज्याने चित्रकलेचे पद्धतशीर शिक्षण घेतलेले नव्हते, त्याने पुढील दहा वर्षांत सुमारे ८६० तैलचित्रे आणि हजारांहून अधिक रेखाटने केली. हे कसे घडले ते या लेखात पाहावयाचे आहे.

पाळकाच्या घरातून बाहेर

व्हिन्सेंटच्या आईला चित्रे काढण्याची आवड होती. ती फुलांची जलरंगातील चित्रे करी, आणि मुलांच्या हाती पेन्सिल पहिल्याने तिच्याच घरात आली. परंतु मुलाने चित्रकार व्हावे असे कोणाच्या मनात नव्हते. चुलत्यांचा चित्रविक्रीच्या धंद्याशी संबंध होता. म्हणून वयाच्या १६ व्या वर्षी, १८६९ मध्ये, त्याला हेग शहरी गूपील कंपनीच्या चित्रांच्या दुकानात नोकरीस ठेवण्यात आले. तेथून त्याची बदली १८७३ मध्ये लंडनला आणि पुढे पॅरिसला झाली. चित्रे पाहण्याची नजर त्याला याच काळात आली. मात्र दुकानदारी त्याला साधली नाही. त्याचे मन पवित्र शास्त्राकडे अधिकाधिक ओढ घेऊ लागले आणि १८७६ च्या वसंत ऋतूत नोकरी सुटली.

मग तो इंग्लंडला गेला. तेथे शाळेत शिकवले, एका पाळकांच्या हाताखाली काम केले आणि २९ ऑक्टोबर १८७६ रोजी रिचमंड येथील उपासनेत आपला पहिला उपदेश केला. मनुष्य हा या पृथ्वीवर प्रवासी आहे, हा त्याचा विषय होता. वडिलांप्रमाणे पाळक व्हावे ही इच्छा आता पक्की झाली. त्यासाठी विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यावी म्हणून १८७७ मध्ये तो ॲम्स्टरडॅमला चुलत्यांकडे राहिला. पण लॅटिन आणि ग्रीक व्याकरणापुढे वर्षभरात त्याने हात टेकले. ब्रसेल्सच्या सुवार्तिक प्रशिक्षण शाळेतील तीन महिन्यांच्या उमेदवारीनंतरही त्याला नेमणूक मिळाली नाही. तेव्हा १८७८ च्या डिसेंबरात तो आपण होऊनच बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात गेला.

बोरिनाजचे दिवस

जानेवारी १८७९ मध्ये बेल्जियमच्या सुवार्ता समितीने त्याला सहा महिन्यांसाठी कच्ची नेमणूक दिली. वाम या खाणगावात तो आजाऱ्यांची शुश्रूषा करी, मुलांना शिकवी, लहान सभांतून शास्त्र समजावून सांगे. खाण आतून कशी असते हे पाहण्यासाठी तो ७०० मीटर खोल उतरला आणि सहा तास तेथे राहिला. एप्रिलमध्ये जवळच्या अग्राप खाणीत वायूचा स्फोट होऊन १२१ माणसे मेली. भाजलेल्या कामगारांच्या सेवेत त्याने स्वतःला झोकून दिले. आपले चांगले कपडे त्याने वाटून टाकले आणि चांगली खोली सोडून तो झोपडीत गवतावर निजू लागला.

जुलै महिन्यात मुदत संपली आणि समितीने त्याला कायम केले नाही. त्याच्या सेवाभावाविषयी समितीला शंका नव्हती. सभेपुढे बोलण्याचे अंग त्याच्यात नाही, हे कारण देण्यात आले. दुकानदार, शिक्षक, ईश्वरविज्ञानाचा विद्यार्थी आणि सुवार्तिक अशा चारही वाटा बंद झाल्या. वय २६, खिशात पैसा नाही, आईवडील चिंतेत. धाकटा भाऊ थिओ हा त्याचा जिवाचा सोबती. पण त्याच्याशीही जवळजवळ वर्षभर पत्रव्यवहार तुटला. देवाच्या सेवेसाठी म्हणून घर सोडलेल्या माणसाला देवाच्याच घरातून परत पाठवले गेले तर त्याने काय करावे? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतीलही कित्येकांपुढे येतो. व्हिन्सेंटने त्याचे उत्तर तोंडाने दिले नाही, हाताने दिले.

साठ पाने

बोरिनाजमध्ये असताना तो खाणकामगारांची लहानसहान रेखाटने करीत असे. १८८० च्या उन्हाळ्यात, थिओने पाठवलेल्या ५० फ्रँकांच्या निमित्ताने पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि त्या सुमारास त्याने ठरवले की आपण चित्रकार व्हायचे. त्या वेळी तो क्वेम गावी एका खाणकामगाराच्या घरी राहत होता. लहानशी खोली, अपुरा उजेड, आणि ती खोलीही घरातल्या मुलांबरोबर वाटून घेतलेली. हवा चांगली असली म्हणजे तो कागद घेऊन बाहेर बागेत बसे.

शिकवायला गुरू नव्हता, म्हणून त्याने पुस्तकालाच गुरू केले. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराने विद्यार्थ्यांसाठी छापलेले धडे त्याने हेगच्या जुन्या दुकानातून उसने मागवले. त्यांपैकी कोळशाने मनुष्याकृती काढण्याच्या धड्यांची ६० पाने होती. ही पाने त्याने एकामागून एक गिरवली आणि संपल्यावर पुन्हा हाती घेतली. यथार्थदर्शनाची आणि शरीररचनेची पुस्तके मिळवून त्यांचाही अभ्यास केला. शिवाय मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून तो त्यांवरून रेखाटी. त्यांत पेरणाऱ्याचे चित्र त्याचे विशेष आवडते. पेरणाऱ्याचा दाखला बालपणापासून ऐकलेल्या या पाळकपुत्राने ते एकच चित्र त्या वर्षी अनेकदा काढले.

आपल्याकडे गायक रियाज करतो, हे कोणालाही नवल वाटत नाही. पहाटे उठून तेच तेच स्वर घोटल्याशिवाय गळा तयार होत नाही हे आपण जाणतो. चित्रकलेविषयी मात्र आपला समज असा की ती एक देणगी आहे, असली तर आहे, नसली तर नाही. व्हिन्सेंटची सुरुवातीची रेखाटने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कळते की त्याच्या हातात जन्मतः सफाई नव्हती. माणसे लाकडी दिसत, हातपाय बेढब होत. जे पुढे आले ते घोटून घोटून आले.

साधी साधने

१८८१ मध्ये तो एटन येथे वडिलांच्या घरी येऊन राहिला आणि नांगरणारे, खणणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका असे जे समोर दिसेल ते काढू लागला. वर्षाच्या शेवटी हेगचे चित्रकार अँटन मॉव्ह यांनी त्याला काही दिवस शिकवले आणि रंगांची पेटी दिली. मॉव्ह नात्याने त्याच्या मामेबहिणीचे यजमान. पण पुढे दोघांचे पटले नाही. हेगमध्ये त्याने एका निराधार स्त्रीला आणि तिच्या मुलांना आश्रय देऊन संसार मांडण्याचा प्रयत्न केला. त्यामुळे आप्त दुरावले आणि दीड वर्षाने तो संसारही मोडला. या सर्व ओढाताणीतही चित्रांचा अभ्यास खंडित झाला नाही.

त्याची साधने पाहिली तर मौज वाटते. सुताराची जाड पेन्सिल त्याला आवडे. तिच्या रेघा पुसू नयेत म्हणून तो चित्रावर दूध फिरवी. दूरच्या वस्तूंची प्रमाणे चुकू नयेत म्हणून त्याने एक चौकट करवून घेतली. तिच्यात आडवे-उभे दोरे ताणलेले असत. ही चौकट समुद्रकाठच्या वाळूत खुंट्यांवर उभी करून, खिडकीतून पाहावे तसे तो तिच्यातून पाही. कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी कसा दिसेल हे अजमावण्यासाठी तो निरनिराळ्या रंगांच्या लोकरीचे धागे एकत्र पिळून गुंड्या करी. त्या गुंड्यांची डबी ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहे. नमुना म्हणून बसायला पैसे घेणारी माणसे परवडत नसत. तेव्हा वृद्धाश्रमातील एखाद्या म्हाताऱ्याला थोडे पैसे देऊन तो पुन्हा पुन्हा त्यालाच काढी. १८८२ मध्ये एका चुलत्याने शहराच्या देखाव्यांची १२ रेखाटने मागवली आणि दर रेखाटनास अडीच गिल्डर दिले. ही त्याची मागणीवरून झालेली पहिली कमाई.

बाकी सर्व खर्च थिओने उचलला. तो पॅरिसला त्याच गूपील कंपनीत नोकरी करी आणि दरमहा १०० ते १५० फ्रँक भावाला पाठवी. त्या बदल्यात व्हिन्सेंट आपली चित्रे त्याच्या स्वाधीन करी. पत्रांतून तो आज काय काढले, कोठे चुकले, उद्या काय करायचे हे तपशिलाने लिही आणि पुष्कळदा मजकुरातच लहानसे चित्र काढून दाखवी. थिओला लिहिलेली अशी ६५० हून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. ती म्हणजे जणू त्याची अभ्यासाची रोजनिशीच आहे.

बटाटे खाणारे आणि उघडे बायबल

१८८३ च्या अखेरीस तो न्यूनेन येथे आला. वडील तेथे पाळक होते. या गावात विणकर आणि गरीब शेतकरी राहत. दिव्याच्या उजेडात बसून बटाट्यांचे जेवण जेवणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाचे चित्र काढावे असे त्याच्या मनाने घेतले. पण त्याने एकदम चित्राला हात घातला नाही. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्याने शेतकऱ्यांचे सुमारे ४० चेहरे रंगवले. हातांची निराळी रेखाटने केली. मग १८८५ च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘बटाटे खाणारे’ हे चित्र पुरे झाले. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटाकडे जात आहेत, हे त्याला दाखवायचे होते. एका चित्रकार मित्राने या चित्राची सडकून निंदा केली आणि मैत्री तुटण्यापर्यंत पाळी आली. तरी आपला अभ्यास योग्य वाटेने चालला आहे हा त्याचा विश्वास ढळला नाही.

हे चित्र चालू असतानाच, २६ मार्च १८८५ रोजी, वडील अकस्मात वारले. पितापुत्रांचे शेवटच्या वर्षांत बरेच खटके उडाले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात व्हिन्सेंटने एक चित्र काढले. त्यात वडिलांचे मोठे बायबल उघडे ठेवलेले आहे आणि पान यशयाच्या ५३ व्या अध्यायाचे, म्हणजे दुःख सोसणाऱ्या सेवकाचे आहे. शेजारी विझलेली मेणबत्ती, आणि पुढे झोला या फ्रेंच लेखकाची वाचून मळलेली पिवळी कादंबरी. वडिलांचे पुस्तक आणि आपले पुस्तक त्याने एकाच मेजावर मांडले. या चित्राचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले आहेत. चर्चपासून दूर गेलेल्या मुलानेही वडिलांच्या निधनानंतर हेच पान उघडे ठेवून रंगवले, एवढे मात्र आपण ध्यानात ठेवावे.

दक्षिणेचे ऊन

१८८६ च्या आरंभी तो अँटवर्पच्या कलाशाळेत थोडे दिवस बसला. शिक्षकांनी त्याला खालच्या वर्गात घालावे असा निर्णय दिला, पण तो कळण्यापूर्वीच तो पॅरिसला थिओकडे गेला होता. पॅरिसच्या दोन वर्षांत त्याचे रंग उजळले. नमुन्यासाठी पैसे नसले की आरसा समोर ठेवून तो स्वतःलाच काढी. त्या काळातील त्याची २० हून अधिक आत्मचित्रे आहेत आणि त्यांतील काही जुन्या चित्रांच्या मागच्या बाजूवर रंगवलेली आहेत. आपण त्यात गर्व शोधू नये. फुकट बसणारे माणूस त्याला तेवढेच मिळत होते.

फेब्रुवारी १८८८ मध्ये तो फ्रान्सच्या दक्षिणेस आर्ल गावी गेला. तेथे कालव्याकाठी वाढणारे बोरू तोडून त्याने लेखण्या केल्या आणि शाईने शेकडो ठिपके-रेघांची सुंदर रेखाटने काढली. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या जातीच्या लेखणीने मोडी लिहिली तीच ही बोरूची लेखणी. त्या मुलखात मिस्त्राल नावाचा जोराचा वारा सुटतो. घोडी उडून जाऊ नये म्हणून तो तिचे पाय जमिनीत मेखांनी ठोकी आणि चित्र काढीत राही. सुमारे १५ महिन्यांत त्याने येथे २०० च्या आसपास चित्रे केली. सूर्यफुले येथलीच, आणि सूर्यास्ताच्या भल्या मोठ्या बिंबापुढे चालणारा पेरणाराही येथलाच. आठ वर्षांपूर्वी खाणकामगाराच्या खोलीत गिरवलेली ती आकृती आता त्याची स्वतःची झाली होती.

१८८८ च्या डिसेंबरात, चित्रकार गोगँ त्याच्याकडे राहिला असताना, आजाराचा पहिला मोठा झटका आला आणि कान कापण्याची ती घटना घडली. पुढे असे झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले. मे १८८९ मध्ये तो आपल्या इच्छेने सेंट रेमी येथील मनोरुग्णालयात दाखल झाला. झटक्यात तो रंग तोंडात घाली, म्हणून त्याला काही काळ रंगांपासून दूर ठेवावे लागे. त्या दिवसांत तो पेन्सिलीने काढी. बाहेर जाण्यास मनाई असली तर खिडकीतून दिसणारे शेत काढी. तेही जमले नाही तर मिलेच्या जुन्या छापील प्रती पुढे घेऊन त्यांना आपल्या रंगात उतरवी. देलाक्रवाच्या चित्रावरून चांगला शोमरोनी आणि रेम्ब्रांच्या चित्रावरून लाजरसाचे पुनरुत्थान त्याने येथेच केले. एका वर्षात सुमारे १५० चित्रे झाली. आजार त्याला चित्रकार बनवीत नव्हता. आजार त्याचे काम बंद पाडी, आणि बरे वाटले की तो पुन्हा कामाला लागे. वेडातून प्रतिभा येते असे म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

पुन्हा तीच साठ पाने

मे १८९० मध्ये तो पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी आला. त्या वर्षाच्या आरंभी ब्रसेल्सच्या प्रदर्शनात त्याचे ‘तांबडा द्राक्षमळा’ हे चित्र ४०० फ्रँकांना विकले गेले होते आणि एका नियतकालिकात त्याची स्तुती छापून आली होती. आपण आता शिकून संपलो असे वाटावयाचे असते तर हीच वेळ होती. पण ओव्हेरहून त्याने थिओकडे काय मागितले? बार्गचे तेच कोळशाचे धडे. ती साठही पाने महिनाभरात पुन्हा काढून संग्रही ठेवावीत असा त्याचा बेत होता, कारण मनुष्याकृतीच्या प्रमाणांचा अभ्यास सुटला तर पुढे आपल्याला अडचण होईल असे त्याला वाटे. आठशेहून अधिक चित्रे रंगवून झालेला माणूस नवशिक्याचे पुस्तक मागत होता. त्याच्या साऱ्या चरित्रात या मागणीइतकी बोलकी गोष्ट दुसरी नसेल.

तो बेत तडीस गेला नाही. ओव्हेरच्या सुमारे ७० दिवसांत त्याने जवळजवळ रोज एक चित्र केले. पण आजाराची आणि एकटेपणाची सावली हटली नाही. २७ जुलै रोजी त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि २९ जुलै १८९० रोजी, थिओ जवळ असताना, तो मरण पावला. वय अवघे ३७. मनाचा आजार हाही शरीराच्या आजारासारखाच आजार आहे आणि त्यावर उपचार व सोबत दोन्ही लागतात हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्याचा न्याय करणे आपले काम नाही. आपल्या मंडळीत असे कोणी एकटे पडले असेल तर त्याच्या दारी वेळेवर जाणे मात्र आपले काम आहे.

सहा महिन्यांनी, २५ जानेवारी १८९१ रोजी, थिओही गेला. त्याची तरुण विधवा योहाना हिच्यापाशी एक वर्षाचे मूल, न विकलेली शेकडो चित्रे आणि पत्रांचा ढीग उरला. ही चित्रे अडगळ म्हणून काढून टाकण्याचा सल्ला तिने मानला नाही. तिने प्रदर्शने भरवली, पत्रे तारीखवार लावून १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या मुलाने हा ठेवा राष्ट्राच्या उपयोगासाठी खुला केला आणि १९७३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे व्हॅन गॉघ संग्रहालय उघडले.

वाचकहो, आपल्यांतील पुष्कळांना कधी काळी चित्रे काढण्याचा नाद होता. शाळेतील एलिमेंटरी-इंटरमीजिएटची परीक्षा झाली, नोकरी-संसार आला आणि वही कपाटात गेली. आता वेळ नाही, वय राहिले नाही, हाताला वळण उरले नाही, अशी कारणे आपण सांगतो. व्हिन्सेंटची कथा या तिन्ही कारणांना उत्तर देते. त्याने २७ व्या वर्षी आरंभ केला, उसन्या पुस्तकावरून शिकला आणि जे समोर होते तेच काढले : खुर्ची, जोडे, कांदे, स्वतःचा चेहरा. चित्र विकले जाईल की नाही यावर त्याचा उद्याचा अभ्यास अवलंबून नव्हता. आपल्यालाही प्रदर्शन भरवायचे नाही. एक साधी वही, एक पेन्सिल आणि रोजची अर्धी घटका पुरे आहे. पहिली पाने बेढब होतील, ती फाडू नयेत. आज पुढ्यात चहाचा पेला असेल तर त्यापासूनच आरंभ करावा.